विसरायची दहा मिनिटं

झाकण उडालं ते थेट त्याच्या चहात.

म्हणजे झालं असं, की कॅन्टीनमध्ये दुपारी साडेबाराला – साडेबारालाच, बारा एकतीसला नाही – तिनं आपला जेवणाचा डबा उघडला. डबा कारखान्यातच बनलेला, नवा नमुना, कामगारांना वापरून बघायला दिलेला. झाकण डब्यालाच जोडलेलं आणि मधे प्लास्टिकचीच पातळ बिजागरी. तिनं झाकण उचललं, बिजागरी कट्‌कन तुटली आणि झाकण समोरच्या टेबलावरच्या माणसाच्या कपात जाऊन पडलं. चहा त्याच्या शर्टावर, टेबलावर, शेजाऱ्याच्या वर्तमानपत्रावर!

"अगंबाई! माफ करा हं... फार भाजलं का?"

त्यानं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. चहातून झाकण काढलं, बाहीला पुसलं आणि तुटलेली कड डोळ्यांजवळ धरून बघत बसला. आपल्या शर्टातून चहा ठिबकतोय याचा त्या गृहस्थाला पत्ताच नाही.

"कितव्यांदा उघडलंत?"

"काय?"

"हे झाकण. कितव्यांदा उघडताना तुटलं?"

"एकशे तेराव्यांदा."

आता मात्र त्यानं वर बघितलं. "अंदाजे?"

"अंदाजे कशाला? डबा मिळून छप्पन्न दिवस झाले. रोज दोनदा, एकदा जेवताना आणि एकदा घासताना. हे आजचं पहिलं."

तो बघतच राहिला. तसं बघण्यासारखं आपल्यात काही आहे असं तिला स्वतःला कधी वाटलं नव्हतं. वय एकोणतीस, जाड चष्मा, त्याची एक दांडी सैल. पण हा माणूस असा बघत होता, जणू दहा दुकानं पालथी घातल्यावर बरोबर मापाचा स्क्रू सापडावा.

"म्हणजे तुम्ही घड्याळबाई," तो म्हणाला.

"आणि तुम्ही कानस."

दोघांनी एकमेकांना बरोबर ओळखलं. ती चाचणी खोलीत मापं घ्यायची. सहा वर्षांत एक मिनिट उशीर नाही, एक आकडा चुकलेला नाही. भोंगा बिघडला तर लोक तिच्याकडे बघून जेवायला उठायचे. आणि तो टूलरूममध्ये साचे बनवायचा. हातात सदानकदा कानस, बोलणंही तसंच, समोरच्याला घासून जाणारं. या डब्याचा साचा त्याचाच. दोन वर्षं खपून बनवलेला.

आणि आता त्याच साच्यावरून त्याची नोकरी जायची वेळ आली होती. बाजारातून तुटक्या झाकणांचे ढीग परत येत होते. मोठे साहेब म्हणत होते, साचा वाकडा. कानस म्हणत होता, साचा बरोबर आहे, तुम्ही मशीन फार हळू चालवता. मशीन हळू चालवायचा हुकूम मोठ्या साहेबांचाच, तेव्हा हे तोंडावर म्हणणं म्हणजे आ बैल मुझे मार. पण गप्प बसेल तो कानस कसला? शेवटी साहेबांनी सांगितलं, "चाचणी करा. घड्याळबाई सही करेल ते मला मान्य. तीन आठवडे देतो."

अशी ही जोडी चाचणी खोलीत येऊन पडली.

पहिल्या दिवशी तिनं डब्याच्या प्लास्टिकचा मोहरीएवढा दाणा दोन काचांमध्ये ठेवला, चपटी चकती केली आणि काचा सूक्ष्मदर्शकाखालच्या तापत्या पाटावर सरकवल्या. वरची काच बाजूच्या दांडीनं ओढता यायची.

"हे बघा," ती म्हणाली, "वितळलेलं प्लास्टिक म्हणजे लांबच लांब धाग्यांचा गुंता. शांतपणे थंड होऊ दिलं, की त्यात गोल गोल फुलांसारखे स्फटिक धरतात. सावकाश, अर्धाअर्धा तास लागतो. पण थंड होत असताना एक जोराचा हिसका दिला, तर धागे ताणून सरळ होतात आणि त्यांच्यावरच बाकीचं झटकन गोठतं. मग फुलं दिसत नाहीत, रांगा दिसतात."

"त्या रांगाच हव्यात मला! बिजागरीत रांगा धरल्या की ती लाख वेळा वाकेल. पण साहेब सोडतात प्लास्टिक गोगलगायीच्या चालीनं. धागे ताणले जाणार कसे?"

"ते चाचणी सांगेल. तुम्ही नाही."

"मग द्या की हिसका."

"थांबा हो! आधी दहा मिनिटं विसरायला ठेवायचं."

"कुणाला? काय?"

"नुसतं वितळून भागत नाही. वरून पातळ दिसलं तरी आतल्या धाग्यांना मागचं सगळं आठवत असतं. कुठून आले, कुठे ताण बसला... ती आठवण राहिली, तर माप खोटं येतं. दोनशे वीस अंशांवर दहा मिनिटं ठेवलं की विसरतात."

"आणि दहा मिनिटं आपण काय करायचं?"

"बसायचं."

"नुसतं?"

"मी सहा वर्षं नुसतीच बसतेय."

"तरीच तुमचा चेहरा असा झालाय."

तिला राग यायला हवा होता. आलं ते हसू. आणि आलं ते इतक्या वर्षांनी, की तिला स्वतःलाच जरा लाज वाटली.

टाइमर वाजला. तिनं उष्णता उतरवली, त्यानं दांडी ओढली, जोरात, एकच सेकंद. आणि सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या काळ्याभोर पडद्यावर पांढऱ्या रांगा अशा सरसरत उठल्या, की तो खुर्चीवरून उडालाच. "बघितलंत? बघितलंत का?"

"एका चाचणीनं काही ठरत नाही," ती म्हणाली. "वीस करायच्या." पण रांगा तिनंही बघितल्या होत्या.

मग रोज दुपारी एक वाजता तो यायचा. एका चकतीवर चार खेपा करायच्या आणि चकती बदलायची, असा खोलीचा नियम. प्रत्येक खेपेआधी दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत त्यांना एकमेकांची ओळख झाली, तुकड्यातुकड्यानं. त्याला थोरल्या बहिणीनं वाढवलं होतं. तिच्या बाबांनी उभा जन्म टाइम ऑफिसात काढला होता आणि घरात पाच घड्याळं होती. त्याला पोहता येत नव्हतं. तिला शिट्टी वाजवता येत होती, आणि हे आजवर कुणाला माहीत नव्हतं...

"वाजवून दाखव," तो म्हणाला. 'तुम्ही'वरून 'तू'वर तो कधी आला, ते एवढ्या मापवाल्या बाईला नोंदवता आलं नाही.

"इथे? वेडा आहेस का?"

"अजून चार मिनिटं आहेत. चकती कुणाला सांगणार नाही. तिला विसरायलाच ठेवलंय."

तिनं वाजवली. बाहेरून जाणारा शिपाई दचकून थांबला आणि आत दोघं तोंडं दाबून हसत राहिली.

एक दिवस त्यानं तिचा चष्मा काढून घेतला, न विचारता. खिशातून बारीकशी पितळी खिळी काढली, आदल्या संध्याकाळी बसून घासलेली. सैल दांडीत बसवली आणि चष्मा परत तिच्या नाकावर ठेवला. त्याची बोटं खरखरीत होती, लोखंडाच्या वासाची. कानाच्या मागे ती क्षणभर... जरा जास्तच थांबली.

"घट्ट झालं?"

"हो..."

"टाइमर वाजतोय."

"वाजू दे," ती म्हणाली.

तिथे पहिलं मिनिट निसटलं. पहिल्यांदा बारा झाली, मग सतरा. दुसऱ्या आठवड्यात तो बहिणीच्या लग्नाची गोष्ट सांगायला लागला आणि टाइमर वाजून गप्प झाला तरी गोष्ट अर्धीच होती.

"एवढा वेळ ठेवलं तर चालेल ना गं?" त्यानं विचारलं. "नाहीतर उठतो मी."

नीट ऐका, कारण सगळं इथेच आहे. त्यानं विचारलं होतं. आणि तिला तो उठायला नको होता, म्हणून ती म्हणाली, "चालेल की. काय बिघडतंय? जास्त ठेवलं तर जास्त विसरेल."

पुढे टाइमर लावणंच बंद झालं. तिसऱ्या आठवड्यात एकेका खेपेला अर्धा तास जायचा, कधी त्याहून जास्त. आणि नोंदवहीत, 'विसरायचा वेळ' या रकान्यात, ती लिहायची दहा. लबाडी म्हणून नाही हो. सहा वर्षं त्या रकान्यात दहाच लिहीत आली होती, हात आपोआप लिहायचा.

"चकती पिवळट दिसतेय का?" एकदा त्यानं विचारलं.

"दिव्याचा उजेड आहे," ती म्हणाली, आणि त्याच्याकडेच बघत राहिली.

घरी वहिनीनं ओळखलं. "वन्सं, हल्ली तुम्ही सहा वाजता येता ते सहा वाजून दहाला येताय. कोण आहे तो?"

"कुणी नाही गं."

"कुणी नाही, तर दहा मिनिटं खाल्ली कुणी? मांजरानं?"

शेवटच्या आठवड्यात तो म्हणाला, "निकाल शुक्रवारी आहे ना? साचा बरोबर ठरला की नोकरी पक्की. मग रविवारी चार वाजता तुझ्या बाबांकडे येतो. विचारायला."

"चार म्हणजे चार हं! मागे एक स्थळ चार वाजून सात मिनिटांनी आलं. बाबांनी पाणी पाजून दारातूनच परत पाठवलं."

"मी पावणेचारलाच कोपऱ्यावर उभा राहीन. मग तर झालं?"

इतकं सुख तिला पूर्वी कधी झालं नव्हतं.

आणि शुक्रवारी आकडे जुळवायला बसली, तेव्हा पायाखालची जमीन सरकली. हिसका हळू द्या की जोरात द्या, फरक जवळजवळ नाहीच. पहिल्या दोन-तीन दिवसांच्या रांगा सोडल्या, तर पुढे रांगा कमी कमी होत गेलेल्या, आणि शेवटच्या आठवड्यात जवळजवळ नुसती गोल फुलं. म्हणजे वेगाचा काही संबंध नाही. म्हणजे दोष साच्याचा. त्या पहिल्या चाचण्या तिनं 'अपवाद' म्हणून खोडून टाकल्या, कारण बाकीच्यांशी न जुळणारं खोडायचा नियमच होता.

"परत कर," तो म्हणाला. चेहरा पांढराफटक.

"वीस झाल्या. आता काय परत करायचं?"

"साचा बरोबर आहे. माझ्या हाताला कळतं."

"हाताला कळतं, तर चाचणी कशाला मागितलीस?"

"पहिल्या दिवशी तू तुझ्या डोळ्यांनी रांगा बघितल्यास!"

"मग मी काय करू? तुझ्यासाठी खोटं लिहू? आजवर एक आकडा खोटा लिहिलेला नाही मी." आणि गंमत बघा, त्या क्षणी तिला ते अगदी खरं वाटत होतं.

"खोटं नको लिहूस. पण एकदासुद्धा तुझ्या मनात येत नाही, की कदाचित मी बरोबर असेन?"

"माझं माप चुकत नाही," ती म्हणाली आणि तिनं सही केली.

शनिवारी साहेबांनी त्याच्या हातात पत्र ठेवलं. रविवारी बाबांनी साडेतीनलाच खुर्च्या मांडल्या. वहिनीनं चहाचं आधण ठेवलं. चार वाजले, पाची घड्याळांत. चार वाजून सात मिनिटं झाली. बाबांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले, "थांबू या अजून थोडं." साडेपाचला ते उठले आणि एकेक खुर्ची आत नेऊन ठेवली. सोमवारी कारखान्याच्या मागच्या अंगणात गॅसकटर आला आणि साचा कापून भंगारात गेला. चाचणी खोलीत बसून तिनं तो आवाज ऐकला, सकाळी दहा वीसपासून अकरा पाचपर्यंत.

बुधवारी नेहमीची चाचणी होती, नव्या मालाची. ती एकटी बसली. टाइमर लावला, कारण बोलायला कुणी नव्हतं. दहा मिनिटांनी तो वाजला, ती उठली, दांडी ओढली... आणि पडद्यावर पांढऱ्या रांगा सरसरत उठल्या. पहिल्या दिवशीसारख्या, हुबेहूब.

माल नवा आहे म्हणून असेल, असं तिनं स्वतःला समजावलं. जुन्या पोत्यातला दाणा घेतला. दहा मिनिटं, चार खेपा. चारही वेळा रांगा! मग आणखी एक दाणा घेतला आणि तो अर्धा-अर्धा तास ठेवला. पहिल्या खेपेला थोड्या रांगा, चौथ्या खेपेला एकही नाही. चकती काढून खिडकीशी धरली, तर ती पिवळी होती. उजेडाचा काही संबंध नव्हता.

तिला सगळं कळलं. इतका वेळ तापवल्यावर धागे नुसते विसरले नव्हते, तुटले होते. लांब धागे आधी तुटतात, आणि हिसका धरून ठेवतात ते लांबच धागे. तुकडे झाल्यावर काय ताणलं जाणार? ती दोघं जितकं जास्त बोलली, तितका त्याचा साचा खोटा ठरत गेला. ती खुर्चीत बसून ढसाढसा रडली.

मग तोंड धुऊन साहेबांकडे गेली. "रकान्यात मी दहा लिहिलं, साहेब. दहा नव्हती."

"मग किती होती?"

"माहीत नाही. घड्याळ बघितलं नाही."

साहेब आधी हसले. घड्याळबाईनं घड्याळ बघितलं नाही, म्हणे! मग तिचा चेहरा बघून थांबले. तिचा सहीचा अधिकार त्याच दिवशी गेला. पण माणूस हट्टी असला तरी अगदीच वाईट नव्हता. कानसनंच बनवलेला लहान डब्याचा एक साचा गोदामात पडून होता, तो काढून मशीन वेगानं चालवून बघितलं. बिजागरी दहा हजार वेळा वाकवली, तुटली नाही. साहेबांनी पत्र लिहिलं, परत या. आणि म्हणाले, "तुम्हीच नेऊन द्या."

त्याच्या बहिणीनं दार उघडलं. "या" म्हणाली नाही. "आत आहे. सामान बांधतोय. दूर काम मिळालंय त्याला."

तो जमिनीवर बसून कानशी कापडात गुंडाळत होता. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, काही न लपवता. त्यानं पत्र वाचलं, घडी घातली आणि बाजूला ठेवलं.

"किती वेळ ठेवत होतो आपण?"

"शेवटी शेवटी... अर्धा तास. कधी जास्तच."

"आणि लिहिलंस?"

"दहा."

"मी विचारलं होतं तुला."

"हो."

"काय बिघडतंय, म्हणालीस."

"तू उठून जायला नको होतास मला!" तिचा आवाज फुटला. "त्या खोलीत सहा वर्षं एकटी बसले होते रे मी. प्रेम होतं तुझ्यावर. आहे."

त्यानं कापडाची गाठ करकचून मारली.

"गेल्या आठवड्यात मला खरंच वाटायला लागलं होतं, की साचा वाकडाच असेल," तो म्हणाला. "कारण तू चुकत नाहीस ना. मी माझ्या हातांवरचाच विश्वास घालवून बसलो. साचा आहे का अजून?"

"कापला."

त्यानं डोळे मिटले. मग म्हणाला, "कारखान्यात मी परत येणार नाही."

"नको येऊस. पण घरी... रविवारी बाबा खुर्च्या मांडून बसले होते."

"माहितीये. मी पावणेचारपासून कोपऱ्यावर उभा होतो."

ती बघतच राहिली. "मग आला का नाहीस?"

"काय सांगणार होतो त्यांना? नोकरी गेली, कारण हात वाकडा? आणि खाली सही तुमच्या मुलीची?" त्याच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "सहापर्यंत थांबलो. मग गेलो."

"आता ये. आता सगळ्यांना कळलंय, तू बरोबर होतास."

"सगळ्यांना कळलं तेव्हा तुलाही कळलं. मला ते आधी हवं होतं. तू समोर आलीस, की तो साचा आठवणार मला. रोज."

"विसरशील..."

"किती मिनिटांत?" तो म्हणाला.

ती वळली. दारापर्यंत तो तिच्यामागे आला. उंबऱ्यात थांबून, सवयीनं, त्याची नजर तिच्या चष्म्याच्या दांडीवर गेली. "घट्ट आहे ना अजून?"

"आहे."

"सैल झाली, तर कुणाकडूनही बसवून घे. पितळेची खिळी सांग, लोखंडाची गंजते." आणि त्यानं दार लावून घेतलं.

आता चाचण्यांवर सही दुसरंच कुणी करतं. चकत्या मात्र तीच ठेवते, तिच्याइतका हलका हात कुणाचा नाही. समोरची खुर्ची तिनं एकदा बाहेर नेऊन ठेवली होती, शिपायानं ती परत आणून ठेवली. काल दुपारी एक वाजता तिनं काचा पाटावर सरकवल्या, टाइमर लावला आणि नुसती बसली. मधे एकदा तिनं हळूच शिट्टी वाजवली. टाइमर वाजल्याबरोबर उठली आणि रकान्यात दहा लिहिलं. दहाच झाली होती.